बिनवासाचं औषध

गाडीनं सातारा सोडला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त संत्री होती. नागपूरला जायचं, संत्री खायची, सावजीचं जेवण जेवून नाक-डोळे पुसायचे आणि वसुधाशी पोटभर गप्पा मारायच्या, एवढाच माझा बेत. बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झाल्यावर माणसाला बेत आखायची हौस येते, ती मलाही आली होती. परतताना आपण कसल्या मनःस्थितीत असू, याचा मला त्या वेळी पत्ता नव्हता.

वसुधा माझी पुण्याच्या वसतिगृहातली मैत्रीण. आमच्या खोलीतली हुशार ती, वाचाळ मी. तिनं रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि आपल्या गावी, नागपूरला परतून एका कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. हुडकेश्वरला तिनं घर बांधलंय. खाली नव्वदीला टेकलेली आई, वर ही. आईचे वडील छपन्न साली दीक्षाभूमीवर होते, ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा त्या घरी गेले तेव्हा तेव्हा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी तिच्यात काहीतरी नवीन असतं. या खेपेला आजोबांच्या हरवलेल्या चपलेची भर पडली होती.

"किती वाळून गेली वं तू!" आईंनी मला पाहताच म्हटलं. मी वाळलेली नव्हते, उलट सगळे ब्लाउज उसवून घ्यावे लागलेत. पण असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणं जावं.

चहा झाल्यावर वसुधानं कपाटातून एक छोटी कुपी काढली. तिचा चेहरा असा, की नातवाचा फोटो दाखवतेय.

"कामावरचं विष घरात आणून राहिली ही पोरगी," आई कुरकुरल्या. "किती सांगावं हिले!"

"धुतलेली नाही, पण आत दोनच थेंब आहेत गं आई," वसुधा म्हणाली आणि झाकण काढून कुपी माझ्या नाकाजवळ धरली. "वास घे."

मी बिचकत घेतला. काहीच आला नाही. दुधाळ पाणी दिसत होतं, एवढंच.

"काहीच येत नाही ना?" ती खुलली. "हेच तर काम होतं. आधीच्या औषधांचा भपकारा आठव. फवारणाऱ्याचं डोकं भणभणायचं, उलट्या व्हायच्या. आम्ही ते रॉकेलसारखं तेल काढूनच टाकलं. आता विषाचे नॅनो कण. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत इतके बारीक. प्रत्येकावर लाखेसारखा लेप, आत औषध. पानाला चिकटतं, पावसानं धुऊन जात नाही, हळूहळू सुटतं. म्हणून थोडंसंच लागतं. आणि वास काढण्याचं काम माझ्या गटाचं."

मला त्यातलं निम्मं कळलं. पण मैत्रीण आपल्या कामावर खूश आहे हे पुरेपूर कळलं आणि मलाही बरं वाटलं. आयुष्यभर व्याजाचे दर सांगणाऱ्या माझ्यासारखीला अशा माणसांचा हेवाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही महाल भागात तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर काळ्या चण्यांचा लालभडक रस्सा ओतून देतात. मी पहिल्या घासाला ठसकले तेव्हा शेजारच्या दुचाकीवर बसल्या बसल्या खाणारा माणूस म्हणाला, "पहिल्यांदा खाऊन राहिल्या का ताई? दुसरी प्लेट घ्या, मग नाही लागत." मी खरंच दुसरी घेतली आणि दुसरीही तेवढीच लागली. पुढे दुपारभर त्या गल्ल्यांमधून साड्या बघत हिंडलो. वसुधा प्रत्येक दुकानात घासाघीस करायची आणि काहीही न घेता बाहेर पडायची. दुकानदारांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी सक्करदऱ्याला एका हातगाडीपाशी मी थबकले. गाडीवर काळ्या, शिंगं असलेल्या, ओल्या कसल्यातरी वस्तूंचा ढीग होता. वाफ येत होती.

"हे काय?"

गाडीवालीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भात म्हणजे काय ते विचारलं. "शिंगाडे हायत बाई. उकडलेले. काहून, तुमच्याकडं नाई भेटत?"

आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ. वाण्याकडून पुडीत येतं, त्याच्या पुऱ्या होतात. ते मुळात असं शिंगं असलेलं फळ आहे आणि पाण्यात वाढतं, हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर या रस्त्याच्या कडेला कळलं. गाडीवालीनं एक फोडून हातावर ठेवला. आत पांढराशुभ्र, पिठूळ, गोडसर गर. वसुधा तर लहानपणापासूनची तरबेज, दातांनी साल तोडून फस्त करत सुटली. मीही तसंच करायला लागले. दोघींनी मिळून मोठा द्रोण संपवला.

गाडीवालीचं नाव तारामावशी. कुहीच्या बाजूच्या एका खेड्यातली, ढिवर समाजातली. तिच्या घरचे तलाव ठेक्यानं घेऊन शिंगाडा लावतात आणि त्याच पाण्यात मासेही धरतात. मी एवढे प्रश्न विचारले की ती शेवटी कंटाळून हसली. "असं करा, उद्या गावलेच या. डोंग्यात बसवतो तुमाले, आपल्या हातानं तोडा. अन् जेवूनच जा. माही पोरगी बाळंतपणाले आली हाय, तिच्यासाठी रोजच झिंगे शिजून राहिले घरी."

झिंगे म्हणजे गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी. मला आणखी आग्रहाची गरज नव्हती.

त्या खेड्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेल.

सकाळी वसुधाच्या गाडीनं उमरेड रस्त्याला लागलो. शहर मागे पडल्यावर धानाची शेतं सुरू झाली. लोंब्या पिकायला लागलेल्या, त्यामुळे हिरव्यात पिवळं मिसळलेलं. मधेच काळ्या मातीत कापूस, मधेच मिरचीचे पट्टे. एका वळणावर रस्ताच पाण्याखाली होता, वसुधानं बाजूच्या मातीतून गाडी घातली आणि ती रुतली. चपला हातात घेऊन मी ढकलायला उतरले. मागून बैलगाडीवाल्या एका म्हाताऱ्यानं येऊन हात दिला. गाडी निघाली, चाकाचा सगळा चिखल माझ्या साडीवर बसला. "माय वं, हे तं होळी खेळून आल्यावाणी दिसून राहिलं," म्हातारा म्हणाला. वसुधा पुढचं सगळं अंतर हसत होती.

तलाव पाहिला आणि मी चिखलबिखल विसरले. पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभं राहिलं की समोर पाणी दिसतच नव्हतं. चौकोनी-तिकोनी पानांच्या फुलांसारख्या गुच्छांनी सगळा तलाव झाकून टाकलेला. मधून मधून पांढरी चिमुकली फुलं. चार-पाच माणसं ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून तरंगत होती, एका हातानं गुच्छ उलटा करायची आणि खालचे शिंगाडे खुडून मांडीवरच्या टोपलीत टाकायची. एक बगळा त्यांच्या मागे मागे पानांवरून चालत होता. इतकं शांत काम मी कुठे पाहिलं नव्हतं.

तारामावशीच्या भावानं, सुखदेवभाऊंनी, मला डोंग्यात (झाडाच्या खोडाच्या नावेत) बसवलं. बसवलं म्हणजे ढकललं. डोंगा एका बाजूला कलला, मी ओरडले, पाळीवरच्या बायांची करमणूक झाली. पाण्यात हात घालून मी पहिला शिंगाडा खुडला तो हिरवा-तांबूस, थंडगार. तिथेच सोलून खाल्ला. काकडीसारखा रसाळ. मी म्हणाले, "भाऊ, आमच्या वाण्याला आणून दाखवायला पाहिजे हे. तो आम्हाला काय विकतो आणि हे काय आहे!"

"खा ना, खा," सुखदेवभाऊ म्हणाले. "तलाव भरून हाय."

दुपारी तारामावशीच्या अंगणात जेवायला बसलो. गरम भात, झिंग्यांचा तिखट रस्सा, वर कांदा. झिंगे अख्खेच, डोक्यासकट खायचे. तारामावशीची मुलगी सगुणा समोर बसली होती. पहिलटकरीण, सातवा महिना. तोंडावर ते तेज, आणि भूक तर विचारू नका. तिच्या ताटात आईनं झिंग्यांची वेगळी वाटी ठेवली होती, ती संपली की दुसरी.

"सासरी नाई भेटत ना हे," तारामावशी म्हणाली. "इथं आल्यापासून दोन्ही टाइम खाऊन राहिली. खाऊ द्या. पोटातल्यालेबी लागते."

"माये, पाहुण्यांपुढं काहून बोलतं वं," सगुणा लाजली, आणि वाटी पुढे केली.

मी तीनदा भात घेतला. वसुधानंही घेतला. पाहुणी म्हणून इतकी तृप्त मी फार दिवसांत झाले नव्हते.

जेवणानंतर पुन्हा पाळीवर आलो तेव्हा सुखदेवभाऊ बादलीत पाणी घेऊन फवारणीच्या पंपाची तयारी करत होते. त्यांनी एका बाटलीतून बुचात मापून औषध बादलीत ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. वसुधानं बाटली पाहिली आणि एकदम माझा दंड धरला.

"नंदे, अगं, हे आमचं!"

ती अक्षरशः धावत गेली. "भाऊ, हे औषध मी बनवलंय! म्हणजे आमच्या प्रयोगशाळेनं."

"असं का!" सुखदेवभाऊंनी तिला हात जोडले. खरंच जोडले. "लय चांगलं काम केलं मॅडम तुमी. आधीच्या औषधानं मी दोन डाव दवाखान्यात भरती होतो. आता मारतो अन् घरी जाऊन जेवतो. वासच नाई."

वसुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी दाद कागदावर कधी मिळत नाही. मी मोबाइल काढून दोघांचा फोटो घेतला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे आणि मला तो बघवत नाही.

कारण पुढच्याच क्षणी तिचं लक्ष बादलीवरून तलावाकडे गेलं.

"हे कशावर मारता तुम्ही?"

"शिंगाड्यावर. पानं खाणारा भुंगेरा येते ना. पाहा, ही चाळणी केली पानाची."

"पण हे कापसाचं औषध आहे. शेतातलं. शिंगाडा तर पाण्यावर..."

"मंग?" सुखदेवभाऊंना खरंच कळेना. "शिंगाडा पाण्यातच होते मॅडम. त्याले शेतात नेऊन मारू का? दुकानवाला म्हणे, भुंगेऱ्याले हेच चालते."

"याआधी कधी मारलं होतंत?"

"परवा अर्ध्या तलावाले मारलं. उरलेलं आज."

 मला अजून काही उमगलं नव्हतं. मी विचारलं, ते कुतूहलानं, "आपण खाल्लेले झिंगे कुठले हो?"

"इथलेच," तारामावशी मागून म्हणाली. "आज पहाटीच काढले. ताजे."

 वसुधाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सगुणाकडे पाहत होती. सगुणा पाळीवर पदर सावरत बसली होती आणि ओटीतले कच्चे शिंगाडे सोलून खात होती.

"फवारल्यावर लगेच मासे काढता तुम्ही?" वसुधाचा आवाज चढला. "काही दिवस थांबत नाही?"

आता तारामावशीला राग आला. "असं काहून म्हणता मॅडम? आमी का येडे हाव? आमच्यात कायदा हाय. औषध मारलं का पाळीवर पळसाची डगाल (फांदी) रोवाची. डगाल हाय तोवर तलावात जाळं नाई, ढोरं नाई, पोरं नाई. रोज सकाळी वंजळीत पाणी घेऊन हुंगाचं. वास गेला का मंगच डगाल काढाची. माह्या आजोबापासून हेच चालू हाय. एका घरानं बी मोडलं नाई."

"मग डगाल कुठे आहे?" मी विचारलं.

"याले काहून लावाची? याले वासच नाई ना!" ती म्हणाली. समजावणीच्या सुरात, जसं आपण मठ्ठ माणसाला समजावतो. "वास नाई म्हंजे पाण्यात काही नाई. म्हणून तं हे औषध चांगलं. पहिले किती दिवस खोळंबा व्हाचा. आता थांबाचं कामच नाई."

वसुधा तिथेच मातीत बसली. मघाशी मी चिखलानं माखले म्हणून हसणारी, नेहमी परीटघडीची ती बाई, ओल्या मातीत फतकल मारून बसली आणि म्हणाली, "वास मी काढला."



"वास म्हणजे विष नव्हतंच, नंदे," ती मला सांगत होती की स्वतःला, कळत नव्हतं. "तो तेलाचा वास. तेल उडून गेलं की वास जायचा, विष त्यानंतरही थोडं राहत असेल. पण निदान तोवर लोक लांब तरी राहायचे. आम्हाला वाटलं, वास हा नुसता त्रास आहे. शेतकऱ्यांना विचारलं, सगळे म्हणाले काढा. कोणी म्हणून कोणी सांगितलं नाही की ते वासावर दिवस मोजतात."

"अन् तुमी इचारलंबी नसन," सुखदेवभाऊ हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते स्वतःही हबकले होते. "आमाले तरी काय ठाऊक, वास काढला अन् विष ठेवलं म्हणून."

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगते. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. वसुधानं फवारणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून मेहनत केली होती, आणि फवारणाऱ्याचा जीव खरंच वाचला होता, तो माझ्यासमोर उभा होता. या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाळलेला नियम आजही पाळला होता, तंतोतंत. कुणीच आळस केला नव्हता, कुणीच फसवलं नव्हतं. आणि तरी सातव्या महिन्यातली पोर दोन्ही वेळा त्या पाण्यातले झिंगे खात होती. 

"पण मासा एकबी मेला नाई," तारामावशी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "जुनं औषध जास्त झालं का मासे उलटे व्हाचे. यानं तं काहीच नाई झालं. मंग चांगलंच असन ना?"

वसुधा मान हलवत राहिली. "मासा मेला नाही याचा अर्थ मला लावता येत नाही, मावशी. हे कण पाण्यात विरघळत नाहीत. तरंगतात, एकमेकांना चिकटतात, मग खाली गाळात बसतात. झिंगे गाळातलंच खातात. त्यांच्या पोटात किती जातं, तिथे तो लेप फुटतो का, फुटला तर केव्हा, आणि तो झिंगा माणसानं खाल्ला तर..." ती थांबली. "आम्ही मातीवर तपासलं, कापसावर तपासलं. मधमाशीवर, उंदरावर, एका जातीच्या माशावर तपासलं. अशा तलावावर कुणी तपासलेलं नाही."

सगुणा उठून जवळ आली होती. सगळं तिनं ऐकलं होतं. ओटीतले शिंगाडे तिनं एकेक करून मातीत टाकले आणि सरळ विचारलं, "मॅडम, माह्या लेकराले काही होईन का?"

मी देवाची शपथ घेऊन सांगते, मला वाटलं वसुधा "नाही होणार" म्हणेल. मी तर म्हटलंच असतं. कुणीही म्हटलं असतं. वसुधानं तिचे दोन्ही हात धरले.

"बहुतेक काही होणार नाही. प्रमाण फार कमी असतं. पण मी तुला खोटं नाही सांगणार. मला माहीत नाही."

"तुमीच बनवलं ना?"

"हो."

"मंग तुमाले माईत नाई, तं कोणाले माईत हाय?"

 

सुखदेवभाऊंनी बादली उचलली आणि पाळीपासून लांब, पडीक जागेत खड्डा खणायला घेतला. वसुधा म्हणाली, "ओतू नका, डबा द्या, मी परत नेते." मग तिनं शिंगाडे, पाणी, पाण्याखालचा गाळ आणि जिवंत झिंगे वेगवेगळ्या डब्यांत भरून घेतले. तारामावशीनं मुकाट्यानं डबे धुऊन दिले. ट्यूबमधली माणसं एकेक करून बाहेर आली. टोपल्या भरलेल्या होत्या, आणि आता त्यांचं काय करायचं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. शेवटी तारामावशीनंच एक टोपली उलटी केली. काल ती मला सक्करदऱ्याला हेच शिंगाडे विकत होती. तिला ते आठवलं असावं, कारण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मले ठाऊक नव्हतं वं."

"मलाही नव्हतं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

निघताना पाहिलं तर सुखदेवभाऊ कोयत्यानं पळसाची फांदी तोडून आणत होते. पाळीवर मधोमध त्यांनी ती रोवली. हातानं दाबून पक्की केली. मग वसुधाला विचारलं, "मॅडम, आता हे काढाची कधी? हुंगून तं कळणार नाई."

"तपासणी होऊ द्या," ती म्हणाली. "मी कळवते."

परतीच्या रस्त्यावर मी ते डबे मांडीवर धरून बसले होते. वसुधानं एकदा गाडी बाजूला घेतली, उतरली, झाडाला टेकून उभी राहिली आणि पुन्हा येऊन बसली. माझं पोट ठणठणीत होतं. तेच मला विचित्र वाटत होतं. काही दुखलं असतं, मळमळलं असतं तर निदान कळलं असतं. घरी आल्यावर आईंनी विचारलं, "काय खाल्लं वं तिकडं?" आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मी संत्री न खाताच साताऱ्याला परत आले.

वसुधा स्वस्थ बसली नाही, हे मला सांगायला हवं. तिनं कंपनीत वरपर्यंत सांगितलं. उत्तर आलं की औषध कापसासाठी आहे, पाण्यावर मारणं ही वापरणाऱ्याची चूक. तिनं पुन्हा जाऊन विचारलं, औषधात मुद्दाम एखादा वास घाला, निदान जेवढे दिवस लांब राहावं तेवढे दिवस टिकेल असा. तर म्हणे, वास नाही म्हणूनच तर ते खपतं. डबे तिनं दोन ठिकाणी तपासायला दिले. पाण्याचं सांगता येईल म्हणाले, आणि पाण्यात जवळजवळ काही सापडलं नाही. गाळात आणि झिंग्यांच्या पोटात हे कण कसे शोधायचे, मोजायचे, किती असले म्हणजे वाईट म्हणायचं, याची ठरलेली रीतच तिच्या माहितीत अजून नाही. ती स्वतः ती रीत बसवायच्या मागे लागली आहे. रोज उशिरापर्यंत प्रयोगशाळेत असते, असं तिची आई मला फोनवर तक्रारीच्या सुरात सांगते.

मी प्रवासाला जाते ती चार नवीन गोष्टी बघून, खाऊन, घरी येऊन तिखटमीठ लावून सांगायला. या प्रवासाचं मला ते करता येईना. मैत्रिणी विचारतात, नागपूर कसं होतं, आणि मी तलावाचं वर्णन करायला लागते. इतका सुंदर तलाव. मग माझी मलाच लाज वाटते. आपण नवीन काही शोधून काढतो तेव्हा त्यातलं काय काढून टाकतोय आणि ते कुणाच्या कामाचं होतं, हे विचारायला कुणी पाळीपर्यंत गेलंच नाही, याचा धक्का अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आणि अज्ञान कोणाचं म्हणावं? मी खाताना विचारलं होतं का?

थंडी चांगली पडल्यावर एका सकाळी तारामावशीचा फोन आला.

"बाई! सगुणाले पोरगी झाली! दोघीबी मस्त हायत!"

मी स्वयंपाकघरातून एवढ्यानं ओरडले की शेजारीण धावत आली. किती वजन, रंग कोणावर, नाक कोणावर, सगळं विचारून घेतलं. तारामावशी भरभरून सांगत होती. डॉक्टरनं तपासलं, सगळं चांगलं म्हणाले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी पटकन वसुधाला कळवते म्हणाले.

"हो, मॅडमले सांगाच," तारामावशी म्हणाली. "अन् एक इचारून घ्या. बाळंतिणीले झिंग्याचं पाणी द्या लागते. त्यानं दूध उतरते, आमच्यात तेच देतेत. सगुणाले दूध कमी येऊन राहिलं. मॅडमले म्हणा, डगाल काढू का आता?"

मी वसुधाला फोन लावला. मुलगी झाल्याचं ऐकून ती रडली. मग मी दुसरं विचारलं. 

"नको म्हणून सांग," ती म्हणाली. "बाजारातून झिंगे घ्यायला सांग."

"बाजारातले कुठल्या तलावातले असतात? तिथे काय मारतात?"

"माहीत नाही, नंदा."

मी तारामावशीला परत फोन केला. म्हटलं, डगाल काढू नका.

"बरं," ती म्हणाली. "कवापर्यंत?"

तिच्या मागे बाळ रडत होतं. भुकेलं रडणं कोणत्याही बाईला ओळखू येतं. मी फोन कानाला धरून उभी राहिले आणि तारामावशी शांतपणे माझ्या उत्तराची वाट बघत होती.